दोन अक्षरांचं वजन

इंग्रजीत दोन अक्षरांचे शब्द किती? शाळेत इंग्रजी शिकलेला कुणीही बोटं मोजायला लागला, तर ‘गो’, ‘नो’, ‘इन’, ‘ऑन’, ‘मी’, ‘वुई’ करत पंचवीस-तीसपर्यंत पोचतो आणि तिथं अडखळतो. स्क्रॅबलच्या याद्यांमध्ये मात्र असे शब्द शंभराच्या वर आहेत. उत्तर अमेरिकेत चालणाऱ्या यादीत 2018 पासून ते 107 आहेत, तर भारत आणि ब्रिटनसह बहुतेक जगात मानल्या जाणाऱ्या कॉलिन्सच्या यादीत 2019 साली ते 127 झाले. भाषा एकच, पण अटलांटिक ओलांडला की वीस शब्द कमी-जास्त होतात. झेड आणि ओ या दोन अक्षरांचा ‘झो’ मुंबईत खेळला तर गुण मिळतात. तोच बॉस्टनमध्ये खेळला तर खेळाडूला टाइल्स मुकाट्यानं परत उचलाव्या लागतात.

या यादीत आहे तरी काय? ब्राझीलच्या जंगलातला तीन नखांचा स्लॉथ आहे. हवाई बेटांवरचा खडबडीत लाव्हा आहे. हिमालयातला याक आणि गाय यांचा संकर आहे, तोच हा ‘झो’. फेरो बेटांवरची वावटळ, व्हिएतनामचं सुटं नाणं, स्कॉटलंडमधला प्रियकर, प्राचीन इजिप्तमधला आत्मा, ग्रीक वर्णमालेतली चार अक्षरं आणि अमेरिकी पोरांच्या तोंडचा पिझ्झा, असं हे संमेलन आहे. रोजच्या बोलण्यात यांतलं जवळपास काहीच येत नाही. तरीही जगभरातले पट्टीचे खेळाडू हे शब्द पाढ्यांसारखे पाठ करतात. ही वेळ त्यांच्यावर आली, त्याची सुरुवात न्यूयॉर्कमधल्या एका बेकार वास्तुविशारदापासून होते.

आल्फ्रेड मॉशर बट्सचा जन्म 1899 सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावचा. महामंदीच्या तडाख्यात 1931 साली त्याची नोकरी गेली. क्वीन्स भागातल्या जॅक्सन हाइट्समध्ये राहणाऱ्या या माणसानं रिकाम्या वेळात खेळांचाच पद्धतशीर अभ्यास मांडला. त्याच्या हिशेबानं खेळांचे तीन वर्ग पडत होते: फासे आणि आकड्यांचे, बुद्धिबळासारखे सोंगट्या चालवण्याचे आणि अक्षरांचे. पहिल्यात नशीब फार, दुसऱ्यात कौशल्य फार. तिसऱ्या वर्गात लोकांना खिळवून ठेवेल असा, गुण मोजता येणारा खेळच नव्हता. नशीब आणि कौशल्य यांचं निम्मं-निम्मं मिश्रण त्याला हवं होतं.

अक्षरं किती घ्यायची आणि कुणाला किती किंमत द्यायची, हा खरा प्रश्न होता. एडगर ॲलन पोच्या ‘द गोल्ड बग’ या कथेत एक गुप्त लिपी उलगडण्यासाठी अक्षरांची वारंवारता वापरली आहे. बट्सनं तीच युक्ती उचलली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चं पहिलं पान समोर घेऊन कोणतं अक्षर किती वेळा आलं, हे तो हातानं मोजत बसला. त्यातून निघालेली वाटणी आजही जवळपास तशीच आहे. एकूण 100 टाइल्स, त्यांतल्या दोन कोऱ्या. ई बारा, ए आणि आय प्रत्येकी नऊ, यू चार. जे, के, क्यू, एक्स आणि झेड यांची प्रत्येकी एकच टाइल. क्यू आणि झेडला दहा-दहा गुण, ईला एक. एस हे अक्षर इंग्रजीत सारखं येतं, तरी त्याच्या चारच टाइल्स ठेवल्या. नाहीतर नुसती अनेकवचनं करत बसायची सोय झाली असती.

खेळाचं पहिलं रूप ‘लेक्सिको’. त्याला पट नव्हता, टाइल्सचे नुसते शब्द बनवायचे. 1913 साली आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’मध्ये छापलेल्या कोड्यापासून अमेरिकेला शब्दकोड्यांचं वेड लागलं होतं. बट्सनं त्या आडव्या-उभ्या जाळीला आपला खेळ जोडला आणि 1938 च्या सुमारास ‘क्रिस-क्रॉस वर्ड्स’ तयार झाला. पंधरा गुणिले पंधरा घरांचा पट, हातात सात टाइल्स. आपल्या ड्रॉइंगच्या सामानानं पट आखायचे, त्यांच्या ब्लूप्रिंट काढून पुठ्ठ्यावर चिकटवायच्या, अक्षरं लाकडाच्या पातळ फळीवर डकवून चौकोन कापायचे, असे संच तो घरीच बनवून ओळखीपाळखीत विकत असे. पार्कर ब्रदर्स आणि मिल्टन ब्रॅडली या दोन्ही बड्या खेळणी-कंपन्यांनी खेळ नाकारला. स्वतः बट्सचं स्पेलिंग कच्चं होतं. बायको नीना त्याच्यापेक्षा सरस खेळायची.

1948 साली कनेटिकटमधल्या न्यूटाउनजवळ राहणाऱ्या जेम्स ब्रुनोटनं बट्सकडून खेळ बनवण्याचा हक्क घेतला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचामागे बट्सला मानधन ठरलं. ब्रुनोट सरकारी आणि समाजसेवेच्या कामातला माणूस, हातानं बनवलेल्या जुन्या संचांपैकी एकाचा मालक. त्यानं नियम सुटसुटीत केले, सातही टाइल्स एकदम लावल्या तर 50 गुणांचं बक्षीस ठेवलं आणि खेळाला ‘स्क्रॅबल’ हे नाव दिलं. एका जुन्या शाळेच्या इमारतीत हाताखाली मोजकी माणसं घेऊन कारखाना सुरू झाला. 1949 साली 2,400 संच बनले आणि धंद्याला 450 डॉलरचा तोटा झाला. मग 1952 मध्ये मेसीज या बड्या दुकानाचे प्रमुख जॅक स्ट्रॉस सुटीत हा खेळ खेळले, परत आल्यावर आपल्या दुकानात तो नाही म्हणून खवळले आणि मोठी मागणी नोंदवली, अशी गोष्ट सांगतात. पुढचं मात्र हिशेबाच्या वहीत आहे. मागणी ब्रुनोटच्या आवाक्याबाहेर गेली, सेलकाउ अँड राइटर या कंपनीला उत्पादन द्यावं लागलं आणि 1954 या एका वर्षात जवळपास 40 लाख संच खपले. ब्रिटनमध्ये न्यूरेंबर्गहून आलेल्या स्पिअर घराण्याच्या कंपनीनं खेळ आणला. आज उत्तर अमेरिकेतले हक्क हॅस्ब्रोकडे आणि बाकी जगातले मॅटेलकडे आहेत. दोन याद्यांचं मूळ या दोन मालक्यांमध्येही आहे.

बट्सला लांबलचक, देखण्या शब्दांचा खेळ अभिप्रेत होता. नीनानं ‘क्विक्झॉटिक’ लावून एका फटक्यात 284 गुण मिळवले, ही गोष्ट त्या घरात अभिमानानं सांगितली जाई. पण पट भरत जातो तशी मोकळी जागा आक्रसते आणि राज्य आखूड शब्दांच्या हाती जातं. समांतर खेळी करायची तर नव्या शब्दाचं प्रत्येक अक्षर शेजारच्या अक्षराशी जुळून वैध शब्द व्हायला हवं. तिथं दोन अक्षरी शब्दच कामाला येतात. ते नसतील तर पाच-सहा चांगली अक्षरं हातात असूनही ठेवायला जागा नाही.

यातलं अंकगणित फार सोपं आहे. पटावर गडद निळ्या रंगाची बारा घरं अक्षराची किंमत तिप्पट करतात. तिथं क्यू ठेवून आडवा आणि उभा असा दोन्ही दिशांनी क्यू-आय हा शब्द साधला, तर क्यूचे 30 दोनदा मोजले जातात आणि दोन आयचे दोन धरून 62 गुण होतात. एक टाइल ठेवून, शेजारच्या दोन आयचा फायदा घेऊन. सात अक्षरांचा शब्द शोधताना घाम निघतो, आणि अशी खेळी ती ओळखणाऱ्याला दोन सेकंदांत दिसते. म्हणूनच क्लबात पाऊल टाकणाऱ्या नवख्याच्या हातात आधी दोन अक्षरी शब्दांचा एक कागद ठेवतात. मग तीन अक्षरी. मग क्यूचे, पण यू नसलेले.

हा शेवटचा वर्ग इतिहासाच्या दृष्टीनं सगळ्यांत रंगतदार आहे. इंग्रजीत क्यूमागे यू येतोच, हा नियम फ्रेंच लेखनिकांनी घालून दिला. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकण्याआधी राणीसाठीचा शब्द सी आणि डब्ल्यू लावून लिहीत. नॉर्मन कारकुनांनी आपल्या सवयीनं तिथं क्यू आणि यू आणले आणि ते कायमचे चिकटले. त्यामुळे यूशिवाय क्यू दिसला की शब्द बाहेरून आला आहे, हे जवळपास नक्की. क्यू एकच, यू चारच; ऐन वेळी यू हाताशी नसला की दहा गुणांचा क्यू गळ्यातला धोंडा होतो. म्हणून या परदेशी पाहुण्यांना स्क्रॅबलमध्ये एवढा मान.

ते आले कुठून? बहुतेक अरबीतून. अरबी वर्णमालेत घशातून उच्चारला जाणारा ‘क़ाफ’ आहे. युरोपीय पंडितांनी त्याच्यासाठी रोमन क्यू वापरला आणि शब्दांची एक रांगच इंग्रजी कोशात शिरली. येमेनमध्ये चघळला जाणारा ‘क़ात’ हा पाला, ‘सूक़’ म्हणजे बाजार, ‘क़ाइद’ म्हणजे उत्तर आफ्रिकेतला अंमलदार. मराठी वाचकाला या रांगेत कितीतरी ओळखीचे चेहरे दिसतील: फकीर, काजी, बुरखा, तलाक, वक्फ, कव्वाली. कॉलिन्सच्या यादीत हे सगळे क्यूसह आणि यूविना हजर आहेत. इंग्रजी मातृभाषा असलेल्या माणसाला जे शब्द रट्टा मारून पाठ करावे लागतात, ते औरंगपुऱ्यात किंवा भेंडीबाजारात वाढलेल्या खेळाडूला अर्थासकट ठाऊक असतात.

‘क़नात’ हाही त्यांतलाच. डोंगरपायथ्याचं भूजल उताराच्या भुयारातून गावापर्यंत आणायचं इराणी तंत्र या नावानं ओळखलं जातं. मध्येमध्ये विहिरीसारखे उच्छ्वास, खाली हलक्या उतारानं वाहणारं पाणी. छत्रपती संभाजीनगरला सतराव्या शतकात मलिक अंबरनं बांधवलेली नहर-ए-अंबरी याच जातीची. स्क्रॅबलच्या पटावर या शब्दाची किंमत क्यूमुळे निदान चौदा गुण. मराठवाड्यातल्या त्या शहरानं नहरीवर काही पिढ्या तहान भागवली.

चिनी ‘ची’ची कथा वेगळी. प्राणशक्ती या अर्थाचा हा शब्द इंग्रजीत आधी सी-एच-आय असा लिहीत, कारण वेड-जाइल्स ही जुनी रोमन लेखनपद्धत तशी होती. चीननं 1958 साली पिनयिन ही नवी पद्धत स्वीकारली. त्यात हा ध्वनी क्यूनं दाखवायचं ठरलं. पिनयिनचा वापर जगभर रुळला, इंग्रजी शब्दकोशांनी क्यू-आय हे रूप घेतलं आणि 2006 साली ते उत्तर अमेरिकेच्या स्पर्धा-यादीत दाखल झालं. त्याच खेपेला पिझ्झाचं ‘झा’ हे विद्यार्थी-वळणाचं रूपही आलं. दोन अक्षरांत क्यू आणि झेड दोन्ही खपवण्याची सोय एकदम झाली आणि अमेरिकी खेळाडूंचे जुने डावपेच रातोरात बदलले. स्पर्धांमध्ये सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या शब्दांत क्यू-आयचं नाव वर असतं, ते यामुळेच. पिनयिन ठरवणाऱ्या चिनी भाषातज्ज्ञांच्या ध्यानीमनीही हे नसणार.

यादीतल्या इतर लहानग्यांनाही असेच आगेमागे इतिहास आहेत. दोन ए लावून होणारा हवाईचा ‘आआ’ अमेरिकन भूशास्त्रज्ञ क्लेरेन्स डटन यांनी 1880 च्या दशकात शास्त्रीय लेखनात आणला. टोकदार, खडबडीत लाव्हा तो आआ आणि दोरखंडासारखा वळ्या पडलेला तो पाहोएहोए, अशी ती जोडी. सह्याद्रीचे कातळ ज्या बेसाल्टचे बनले, त्या दख्खनच्या लाव्हाथरांचा अभ्यास करतानाही भूशास्त्रज्ञ हीच दोन नावं वापरतात. स्लॉथचं ए-आय हे नाव ब्राझीलच्या तुपी भाषेतलं, पोर्तुगीजांमार्फत आलेलं. व्हिएतनामचा ‘शू’ म्हणजे एक्स-यू हा मुळात फ्रेंचांचा ‘सू’. वसाहतवाल्यांच्या नाण्यानं पूर्वेत वेष बदलला आणि एक्स खपवायची सोय झाली. यू-टी हा युरोपीय स्वरसप्तकातला पहिला स्वर. अकराव्या शतकात ग्विदो दारेत्सो या इटालियन साधूनं एका लॅटिन स्तोत्राच्या ओळींच्या आद्याक्षरांवरून स्वरांना नावं दिली, त्यांतलं हे पहिलं. गायला अवघड म्हणून पुढे त्याच्या जागी ‘दो’ आला. ‘रे’, ‘मी’, ‘फा’, ‘ला’ मात्र टिकले आणि तेही सगळे यादीत आहेत.

हे सगळं वैध कुणी ठरवलं? सुरुवातीला कुणीच नाही. घरात जो शब्दकोश असेल तो प्रमाण. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कच्या बुद्धिबळाच्या अड्ड्यांवर पैसे लावून स्क्रॅबल रंगू लागलं, तेव्हा वाद चिघळायला लागले. तिथं फंक अँड वॅग्नॉल्सचा एक महाविद्यालयीन कोश पंच मानला जाई. पण कोशात अनेकवचनं आणि क्रियापदांची सगळी रूपं स्पष्ट दिलेली नसतात, आणि भांडण नेमकं तिथंच होतं. अखेर 1978 साली मेरियम-वेब्स्टरनं खेळाडूंसाठी पहिला अधिकृत कोश काढला. पद्धत अशी की अमेरिकेतल्या पाच प्रमुख कोशांपैकी एकात जरी शब्द असला, तरी तो घ्यायचा. पाच चाळण्या आणि पाचांतून जे पडेल ते सगळं पीठ! त्यातून आडबाजूचे शब्द मोठ्या संख्येनं आत आले.

ब्रिटनमध्ये पंच होता चेंबर्स. एडिनबरामध्ये घडलेला हा कोश स्कॉट बोलीतले शब्द आणि शेक्सपिअर-स्पेन्सरच्या काळातली जुनी रूपं प्रेमानं सांभाळणारा. म्हणून ब्रिटिश यादीत ‘गायी’ या अर्थाचा के-वाय आणि ‘जवळ’ या अर्थाचा जुना एन-वाय सापडतो, अमेरिकी यादीत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी दोन्ही याद्या एकत्र केल्या, तेव्हा त्यांच्या आद्याक्षरांची सरमिसळ करून खेळाडूंनी त्या जोडयादीला ‘सॉवपॉड्स’ असं नाव दिलं. अक्षरं उलटसुलट करून शब्द बनवायची खोड जाते कुठं! पुढे ही जबाबदारी चेंबर्सकडून कॉलिन्सकडे गेली.

यादी म्हटली की प्रश्न येतोच: काय ठेवायचं आणि काय काढायचं? 1990 च्या दशकात अमेरिकेत वंश आणि धर्म यांवरून हिणवणाऱ्या शब्दांविरुद्ध मोहीम झाली. 1995 च्या आवृत्तीतून असे शब्द वगळण्यात आले. स्पर्धक खवळले. त्यांचं म्हणणं असं की पटावर शब्दाला अर्थ नसतो, त्याला फक्त गुण असतात. तडजोड म्हणून घरगुती कोश सोवळा राहिला आणि स्पर्धांसाठी 1998 साली वेगळी यादी निघाली. त्या यादीत शब्दांचे अर्थच छापले नव्हते, नुसती अक्षरं. शब्दकोशातून अर्थ काढून टाकल्यावर उरतं काय, याचं ते पुस्तक उत्तम उदाहरण आहे. ही तडजोड दोन दशकं टिकली. 2020 साली उत्तर अमेरिकेच्या खेळाडू-संघटनेनंच अपमानकारक शब्द स्पर्धेतूनही काढले आणि 2021 मध्ये कॉलिन्सच्या यादीतून असे सुमारे 400 शब्द गेले.

स्पर्धकांचा मुद्दा टोकाला नेऊन दाखवला तो न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं. इंग्रजीत अनेकदा जगज्जेता ठरलेल्या या माणसानं 2015 साली बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. नऊ आठवडे त्यानं शब्दयादी पाठ केली होती. 2024 मध्ये स्पॅनिशची पाळी आली आणि ग्रानादामध्ये तेही अजिंक्यपद त्यानं घेतलं. अर्थ कळल्यावाचून भाषेचा कोश डोक्यात भरता येतो आणि जिंकताही येतं, हे त्यानं दोनदा सिद्ध केलं.

हाच रिचर्ड्स मुंबईतही जिंकून गेला आहे. नोव्हेंबर 2007 मध्ये जागतिक स्क्रॅबल अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत भरली होती. अंतिम लढतीत त्यानं मलेशियाच्या गणेश असीर्वाथमला सलग तीन डावांत हरवलं. इंग्रजी ही ज्यांची मातृभाषा नाही, अशा मलेशिया, थायलंड, नायजेरिया, भारत, श्रीलंका या देशांतल्या खेळाडूंनी या खेळात नाव कमावलं. अर्थाला महत्त्व नसेल तर मातृभाषेचा फायदाही फारसा उरत नाही, हे त्यामागचं एक कारण.

भारताचं नाव त्याच सुमारास स्क्रॅबलच्या इतिहासात आणखी एका कारणानं आलं. कोलकात्याच्या रजत आणि जयंत अगरवाला या भावांनी इंटरनेटवर ‘स्क्रॅब्युलस’ हा खेळ आणला. फेसबुकवर लाखो लोक तो खेळू लागले. आपल्या खेळाची एवढी जोरदार इंटरनेट आवृत्ती मूळ मालकांपाशीही नव्हती. 2008 मध्ये हॅस्ब्रोनं अमेरिकेत आणि मॅटेलनं भारतात दावे गुदरले. दिल्ली उच्च न्यायालयानं त्या वर्षी दिलेला अंतरिम निकाल नमुनेदार आहे. पटाची रचना आणि नियम यांवर कॉपीराइट सांगता येणार नाही, असं न्यायालयानं म्हटलं, कारण खेळाची कल्पना आणि ती मांडायची रीत इथं वेगळ्या करता येत नाहीत. नाव मात्र ट्रेडमार्कचा भंग करणारं ठरलं. भावांनी नाव बदलून ‘लेक्स्युलस’ केलं. पट सगळ्यांचा आणि नाव मालकाचं, असा हा निवाडा.

हिंदुस्थानी शब्दांचं या खेळात येणं त्याच्या कितीतरी आधीचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या कारकुनांनी कानाला ऐकू आलं तसं लिहिलं, 1886 साली यूल आणि बर्नेल यांनी ‘हॉब्सन-जॉब्सन’मध्ये त्या उधारीची नोंद केली आणि कोशकारांनी ती उचलली. त्यामुळे डाक, लाख, आणा, तोळा, रयत, दाल हे सगळे स्क्रॅबलमध्ये चालतात. घीचं डबल ई असलेलं रूप सगळ्यांना ठाऊक आहे, पण जी-एच-आय हे तीन अक्षरी रूपही वैध आहे आणि अडचणीच्या वेळी तेच धावून येतं. नीलगाईची तर इतकी स्पेलिंगं मान्य आहेत की हातात कोणती अक्षरं आहेत ते पाहून खेळाडू आपल्याला सोयीची गाय निवडतो. मराठीचा वाटाही आहे. मुंगसाचं इंग्रजी नाव मराठीतून गेलं आणि मुंबईची चाळही कॉलिन्सच्या यादीत आहे.

मग मराठीतच हा खेळ का रुजला नाही? अडचण लिपीची आहे. इंग्रजीत सव्वीस अक्षरं सुटी-सुटी मांडता येतात. देवनागरीत व्यंजन, त्याला लागलेली काना-मात्रा, जोडाक्षर हे सगळं मिळून एक घर होतं. वर्तमानपत्रातल्या मराठी शब्दकोड्यात आपण ‘क्षि’ किंवा ‘त्र्या’ एकाच चौकटीत लिहितो. ‘ये’, ‘जा’, ‘घे’, ‘दे’ हे तर एका घराचे पुरे शब्द. अशी सगळी जोडणी टाइल्सवर करायची तर शंभर टाइल्स कुठल्या कुठं अपुऱ्या पडतील. मात्रा वेगळ्या टाइलवर ठेवल्या तर शब्दाचा आकारच मोडतो. बट्सचं गणित वर्तमानपत्राच्या एका पानावर आणि सव्वीस चिन्हांवर उभं होतं, ते इथं नव्यानं मांडावं लागेल.

बट्स 1993 साली वारला. मिळालेल्या मानधनाचा तिसरा हिस्सा करात गेला, तिसरा वाटून टाकला आणि उरलेल्या तिसऱ्यात सुखानं जगलो, असं तो सांगत असे. ज्या जॅक्सन हाइट्समध्ये हा खेळ घडला, तो भाग पुढे न्यूयॉर्कमधल्या भारतीय, पाकिस्तानी आणि बांगलादेशी लोकांची मोठी पेठ झाला. ज्या चर्चमध्ये शेजाऱ्यांबरोबर त्यानं सुरुवातीचे डाव खेळले, त्या चर्चजवळ 35व्या ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावरच्या पाटीत रस्त्याच्या नावातल्या प्रत्येक अक्षराखाली त्याचे स्क्रॅबलमधले गुण लिहिले आहेत.

सगळ्यांत उशिरा आत आलेल्या दोन अक्षरी शब्दांत सगळ्यांत जास्त बोलला जाणारा शब्द आहे. ‘ओके’ 1839 साली बॉस्टनच्या एका वर्तमानपत्रात पहिल्यांदा छापला गेला आणि पुढे जगाच्या कानाकोपऱ्यात गेला. स्क्रॅबलमध्ये मात्र त्याला अमेरिकी यादीत 2018 पर्यंत आणि कॉलिन्समध्ये 2019 पर्यंत मज्जाव होता, कारण कोशकार तो मोठ्या अक्षरांतलं संक्षिप्त रूप धरत होते. याकचं वासरू आत आणि ‘ओके’ बाहेर, अशी स्थिती कित्येक वर्षं चालली.

म्हणून घरी हा डाव मांडणाऱ्यांनी पहिली टाइल ठेवण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी: प्रमाण कोणती यादी आणि कोणत्या सालची. ‘झो’ चालणार की नाही, यावरची भांडणं खेळ सुरू झाल्यावर मिटत नाहीत.